संती पाणी घेऊन आली तेव्हा: कीर्तनकार मंडळींना खुले पत्र

समस्त कीर्तनकार महाराज मंडळींस,


हे पत्र तेरला चैत्र वद्यातल्या यात्रेत जे जे कीर्तनाला उभे राहतात त्यांना आहे, आणि गावोगावच्या सप्ताहात गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं, आख्यान लावणाऱ्या सगळ्यांनाच आहे. कुणा एकाला मनात धरून लिहिलेलं नाही. विषय आडवाटेचा वाटेल. एलएसडी, मशरूम अशी जी द्रव्यं घेतल्यावर माणसाला आपला 'मी'च विरघळला असं वाटतं, त्यांच्याबद्दल आणि त्या अनुभवातून घरी परतलेल्या माणसाच्या संसाराबद्दल मला बोलायचं आहे. यात कीर्तनकारांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध असा, की या प्रश्नावरची सगळ्यात धीट गोष्ट आपल्या धाराशिव जिल्ह्यात सातशे वर्षांपासून आहे, ती तुमच्या तोंडी आहे आणि तुम्ही ती निम्मीच सांगता.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. बायका बसतात त्या बाजूला ती कशी ऐकू येते, तेवढं सांगते.

काकांची बायको संती पाण्याला निघते. रांगतं लेकरू अंगणात सोडून नवऱ्याला म्हणते, जरा लक्ष असू द्या. काका चिखलात उतरलेले. डोळे मिटलेले, तोंडी नाम, पाय चिखल तुडवताहेत. इथे मृदंग दुप्पट लयीत जातो, महाराज जागच्या जागी पाय आपटू लागतात, टाळकरी मागून विठ्ठलनाम उचलून धरतात. पुरुषांच्या माना डोलतात. बायकांच्या बाजूला मात्र मी दर वेळी एक गोष्ट पाहते. जिच्या मांडीवर नातू झोपलेला असतो, ती त्याला नकळत वर ओढून घेते. कथा पन्नासदा ऐकलेली असते, तरी ओढून घेते.

मग संती परत येते. चिखल लाल झालेला. आणि नेमकं इथे, जिथे सगळ्या मांडवाने क्षणभर गप्प राहायला हवं, तिथे बरेच महाराज बायकांवर एखादी कोटी करतात. बायकोच ती, भजनात आडवी आल्याशिवाय राहील का, वगैरे. हशा होतो. संतीचा आक्रोश दोन वाक्यांत उरकतो, तिने घातलेली विठोबाची आण म्हणजे जणू तिचा कजागपणा ठरतो, आणि आख्यान सुसाट पंढरपूरच्या वाटेला लागतं.

महिपतीबोवांच्या 'भक्तविजया'मुळे (१७६२) ही कथा घरोघरी गेली. पुढे अशोकजी परांजप्यांच्या नाटकाने आणि अभिषेकीबुवांच्या चालींनी ती शहरातल्या नाट्यगृहांतही नेली. इतक्यांनी सांगितली, तरी तिच्यातला एक तपशील कुणाला पुसून टाकता आला नाही. काकांची समाधी मोडते, आणि समाधीतून बाहेर आलेला तो माणूस पहिली गोष्ट काय करतो? रडणाऱ्या बायकोच्या अंगावर मारायला धावतो. तेव्हा ती आण घालते, माझ्या अंगाला हात लावाल तर विठोबाची शपथ. ती आण स्वसंरक्षणाची आहे, महाराज. तुम्ही तिला कटकट म्हणून सांगता.

आता थोडं परदेशी जाते, लगेच परत येते.

१९ एप्रिल १९४३. स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी आल्बर्ट हॉफमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेल्या एलएसडीची पाव मिलिग्रॅम मात्रा मुद्दाम घेऊन पाहिली. प्रयोगशाळेतून सायकलवर घरी निघाला. वाटेत जग वितळायला लागलं. आज जगभरची हौशी मंडळी त्या सायकलफेरीचा दिवस साजरा करतात. पण हॉफमनने स्वतः लिहून ठेवलेलं घरातलं वर्णन फार कमी लोक सांगतात. विषावर उतारा म्हणून शेजारणीकडून दूध मागवलं, तर दूध घेऊन आलेली ती ओळखीची बाई त्याला रंगीत मुखवटा घातलेली दुष्ट चेटकीण दिसली. आपण मरणार, तीन लेकरं पोरकी होणार, आणि आपण बेफिकिरीने मेलो नाही हे घरच्यांना कधी कळणारच नाही, या विचाराने तो कासावीस झाला. बायको त्या दिवशी मुलांना घेऊन माहेरी ल्युसर्नला गेली होती. फोनवर कळलं तशी मुलांना आजोळी ठेवून धावत आली. ती पोहोचली तेव्हा नवरा काय झालं ते सांगण्याइतका सावरला होता.

एक पाण्याला गेलेली, एक माहेरी गेलेली. एकीचं लेकरू गेलं, दुसरीचं नशीब थोर. दोघींनाही आत काय झालं ते बाहेरून आल्यावर कळलं, आणि दोघींनाही त्या माणसाबरोबर पुढचं आयुष्य काढायचं होतं.

गोरोबाकाकांच्या नामसमाधीला मी कागदाच्या तुकड्यावरच्या नशेच्या पंगतीला बसवते आहे, असा राग कुणाला येईल. तसं नाही. काकांची वाट वर्षानुवर्षांच्या नामाची आहे, शके १२३९ मध्ये, म्हणजे १३१७ साली, त्यांनी देह ठेवला तोवर ती चालू होती. गोळी गिळून आठ तासांत कुणी गोरोबा होत नाही. पण घरी जी बाई आहे तिच्या बाजूने पाहिलं तर दोन्हीकडे एकच अडचण उभी राहते. अनुभव एकाला येतो आणि त्यातून बदललेला माणूस सगळ्या घराच्या वाट्याला येतो.

ही द्रव्यं मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका प्रकारच्या ग्राहकावर जाऊन बसतात. आपण एरवी बसल्या बसल्या स्वतःबद्दल विचार करतो, जुनं उगाळतो, उद्याची चिंता करतो, तेव्हा मेंदूतले काही भाग एकमेकांशी जोडून चालत असतात. सायलोसायबिन, म्हणजे काही अळंब्यांत असणारं द्रव्य, दिलं तर त्यांचा हा मेळ सैल पडतो, असं २०१२ साली मेंदूची चित्रं काढून पाहणाऱ्या लंडनच्या संशोधकांना दिसलं. मी अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, नापास, कर्जबाजारी, ही जी 'मी'ची पोथी अखंड वाचली जात असते, ती थांबते. कुणाला त्यात अपार सुटका वाटते. कुणाला आपण मेलो किंवा वेडे झालो असं वाटतं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २००६ साली रोलंड ग्रिफिथ्स यांनी छत्तीस निरोगी, धार्मिक वृत्तीच्या लोकांवर केलेला प्रयोग पुष्कळ गाजला. दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा दोन तृतीयांश लोक म्हणाले, आयुष्यातल्या सगळ्यात अर्थपूर्ण पाच अनुभवांत हा बसतो. पहिल्या लेकराचा जन्म, आईबापाचा मृत्यू यांच्या रांगेत. जवळजवळ एक तृतीयांश लोकांना त्याच प्रयोगात तीव्र भीती वाटली होती, हे सांगताना बहुतेकांचा आवाज खाली जातो. मला त्या प्रयोगातली तिसरीच गोष्ट आवडली. त्यांनी भाग घेणाऱ्यांच्या घरच्यांना आणि मित्रांनाही विचारलं, की हा माणूस वागायला बदलला का? बदल थोडा होता, पण चांगल्या दिशेचा होता, असं बाहेरच्यांनीही सांगितलं. अनुभव घेणाऱ्याचं म्हणणं भलतंच भव्य आणि घरच्यांचं म्हणणं बेताचं. संसार केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

तिथे माणसं पारखून घेतली होती. ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होता त्यांना घेतलंच नाही. आधी कित्येक तास बोलणं, त्या दिवशी दोन माणसं अखंड शेजारी, नंतर पुन्हा बोलणं. कर्करोगाच्या रुग्णांवर २०१६ मध्ये असेच प्रयोग झाले, त्यांत मरणाची धास्ती आणि नैराश्य बऱ्याच जणांचं महिनोन् महिने कमी राहिलं. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून नेमून दिलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन ठरावीक आजारात वापरायची परवानगी दिली. म्हणजे यात औषध म्हणून काहीतरी आहे, हे मान्य करायला हवं. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात एलएसडी आणि सायलोसायबिन दोन्ही आहेत. एलएसडीची 'व्यावसायिक मात्रा' फक्त एक दशांश ग्रॅमपासून सुरू होते आणि तिथून पुढे किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. पोरांना हे माहीत नसतं. त्यांच्यापर्यंत फक्त तीस सेकंदांचं रील पोहोचतं, त्यात कुणीतरी सांगतं की एका ट्रिपमध्ये दहा वर्षांचं डिप्रेशन गेलं.

आणि ते रील कुठे पोहोचतं? शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्यात सरकारला २०१५ साली बळीराजा चेतना अभियान काढावं लागलं, त्या जिल्ह्यात. जिथे घरटी एखादा मुलगा पुण्यात हिंजवडीला किंवा चाकणला आहे, आणि सलग सुट्ट्या आल्या की गाडी गोव्याकडे वळते.

ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख लागू नये म्हणून गाव आणि नोकरी दोन्ही वगळते. नवरा मित्रांबरोबर गोव्याला गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याचा फोन आला, तो रडत होता. लग्न झाल्यापासूनच्या प्रत्येक गोष्टीची त्याने माफी मागितली. सासरच्यांसमोर तिला टाकून बोलला होता, ते साल त्याला आठवत होतं. घरी आला तो वेगळाच होऊन. आठ दिवस भांडी घासली, रात्री तिचे पाय चेपले. वडलांशी तीन वर्षं अबोला होता, त्यांना आपण होऊन फोन लावला. मी म्हटलं, मग बरंच झालं की. ती म्हणाली, "मावशी, मला आनंद कमी आणि भीतीच जास्त वाटत होती. हा कोण आहे तेच कळेना."

महिनाभरात भांडी थांबली. ती थांबणारच होती, त्याचं काही नाही. पण एक वाक्य राहून गेलं. घराच्या हप्त्यावरून, मुलाच्या शाळेवरून, कशावरूनही बोलणं निघालं की तो शांतपणे म्हणायचा, "तू तिथं गेली नाहीस, तुला नाही कळणार." पूर्वी तो चिडायचा. चिडलेल्या नवऱ्याशी भांडता येतं. हा हसतो. ती म्हणाली, "तो वाईट वागत नाही हो. मीच आता त्याला खालच्या इयत्तेतली वाटते."

महाराज, संसारात दोघांपैकी एकाला 'सत्य' दिसलं आणि दुसऱ्याला दिसलं नाही, तर पुढे काय करायचं, याचं उत्तर प्रयोगशाळेत अजून कुणी शोधलेलं नाही. अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, बंदी येण्यापूर्वी, काही समुपदेशक नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून एमडीएमए देत असत. ते द्रव्य वेगळ्या जातीचं, त्यात 'मी' पूर्ण विरघळत नाही, पण मन मऊ होतं, दडवलेलं बोललं जातं. त्यांना निदान एवढं कळलं होतं की एकट्याला नेऊन भागत नाही. पण मऊ झालेलं मन शेजारी बसलेल्याच्या हातात जातं, हेही त्याच द्रव्याच्या अलीकडच्या चाचण्यांत दिसलं. एका ठिकाणी उपचार करणाऱ्यांनीच रुग्ण बाईच्या बाबतीत हद्द ओलांडली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या चाचण्यांवरचे तीन शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या उपचाराला मंजुरी नाकारली. नाकारण्यामागे दुसरी कारणं होती. पण भोंदू बाबांचे किस्से ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या माणसांना त्या हद्द ओलांडण्याचं आश्चर्य वाटायला नको.

आपल्या जिल्ह्याला याची दुसरी बाजूही ठाऊक आहे, तीही सांगते, कारण तुमच्यातले काही जण तिला अडाणीपणा म्हणून झटकतात.

तुळजापूर. नवरात्र. संबळ वाजायला लागला, पोत पेटला, की एखाद्या बाईच्या अंगात येतं. केस सुटतात, कपाळभर कुंकू, घुमणं सुरू होतं. आणि जो नवरा घरी तिला "ए, चहा टाक" म्हणतो, तो पागोटं काढून तिच्यापुढे वाकतो आणि विचारतो, "आई, काय चुकलं?" ती त्याला एकेरीत झापते. सासूलाही सोडत नाही. सुनेला मारलंस, परडी भरायची विसरलास, दारू सोड. तो मान हलवतो. थोड्या वेळाने तिला पाणी देतात, कुणीतरी पदर सारखा करतं, ती भानावर येते, आणि संध्याकाळच्या एसटीने सगळी घरी जातात. स्वयंपाक तीच करते.

अंगात येण्याची तरफदारी मी करत नाही. त्याचा धाक घालून लुबाडणाऱ्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो असलाच पाहिजे. पण समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रथेत बसणारं असं अंगात येणं जागतिक आरोग्य संघटनाही आजार धरत नाही. मला त्यातला बंदोबस्त पाहण्यासारखा वाटतो. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सावरणारे हात ठरलेले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अनुभव तिचा असला तरी निरोप घराला असतो, आणि तो घरच्यांसमोरच दिला जातो. 'तुम्ही तिथं गेला नाहीत, तुम्हाला नाही कळणार' असं देवी कधी म्हणत नाही. ती सरळ सांगते, दारू सोड.

त्याच तुळजापुराचं नाव २०२५ मध्ये वेगळ्या कारणाने पेपरात आलं. फेब्रुवारीत तामलवाडी पोलिसांनी एमडीच्या पुड्या पकडल्या, आणि पुढे आरोपींच्या यादीत काही पुजाऱ्यांचीही नावं आली. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. एमडी म्हणजे मेफेड्रोन, त्याचा 'मी' विरघळण्याशी काही संबंध नाही. उलट त्याने 'मी' फुगतो, झोप उडते, पैसा उडतो. ही दोन्ही एकच समजून आपण भाषणं ठोकतो, तेव्हा पोरं मनात हसतात आणि आपलं बाकीचंही ऐकेनाशी होतात. म्हणून नशामुक्तीवर बोलताना तेवढा फरक ध्यानात ठेवा. शिवाय त्याच कीर्तनात पुढे हरिनामाच्या नशेवर पाऊण तास रंगू नका.

नशेत दिसलेला देव खरा का, हे आपल्या शेजारीच विचारलं गेलं होतं. आपल्या परंड्याला लागून नगर जिल्ह्याची हद्द. तिथे पिंपळगावजवळ मेहेराझादला मेहेरबाबा राहत. १९२५ पासून मौनात, खुणांनी बोलायचे. साठच्या दशकात अमेरिकेतली शिकलेली पोरं त्यांना पत्रं लिहू लागली, काही येऊन भेटली: आम्हाला एलएसडीत देव दिसला, हे खरं का? बाबांचं उत्तर १९६६ साली 'गॉड इन अ पिल?' या पुस्तिकेत छापलं गेलं. शरीराला, मनाला आणि अध्यात्मालाही हे अपायकारक आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मात्र जुनाट दारूबाजी, गंभीर नैराश्य अशा आजारांत वैद्यकीय देखरेखीखाली याचा उपयोग होऊ शकतो, हेही त्यांनी मान्य केलं. संशोधक आज ज्या मुक्कामाला आलेत त्याच्या बऱ्याच जवळ हा मौनी माणूस साठ वर्षांपूर्वी बसला होता. आलेल्यांपैकी एकाला त्यांनी आश्रमात ठेवून घेतलं नाही. परत जा आणि तुझ्यासारख्यांना सांग, असं म्हणून त्याला माघारी धाडलं.

आता पुन्हा काकांकडे. त्यांच्याच चरित्रातली दुसरी गोष्ट तुम्ही फार रंगवून सांगता आणि ती मलाही प्रिय आहे. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईच्या आग्रहावरून वयाने थोर असलेले काका थापटणं घेतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारून मडकी तपासतात. सगळे सोसतात. नामदेव चिडतात, आणि काका निकाल देतात, हे कच्चं आहे. आता बघा, त्या मंडळींत देवाशी सगळ्यात सलगी कुणाची होती? नामदेवांची. देव त्यांच्याशी बोलायचा, त्यांच्या हातचा नैवेद्य खायचा. म्हणजे साक्षात्कार ज्याला सर्वांत जास्त तोच कच्चा निघाला, आणि त्याला औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं. इतकं परखड परीक्षण कुठल्या प्रयोगशाळेत झालं नसेल. तुला काय दिसलं, हे काकांनी विचारलंच नाही. मारल्यावर आवाज कसा येतो तेवढं ऐकलं.

हे थापटणं घराघरांत आहे. ते बायकोच्या हातात असतं, आईच्या हातात असतं, कधी दहा वर्षांच्या पोराच्या हातात. 'पप्पा, तुम्ही म्हणाला होतात' असं पोरगं म्हणतं तेव्हा तो थापटण्याचाच घाव असतो. गोव्याहून आलेला माणूस असो, विपश्यनेहून आलेला असो की वारी करून आलेला, परीक्षा तिथे आहे. आपल्याकडे माळ घालण्यामागे हाच हिशोब आहे, असं मला वाटतं. गळ्यात तुळशीची माळ पडली की बायकोला आधार मिळतो. "माळ घातलीय ना?" एवढं म्हटलं की हातातला पेला खाली ठेवावा लागतो. मनातल्या बदलाला तिने असं बाहेरून धरायची सोय त्यात आहे. मोबाईलवरचं रील पाहून केलेल्या ट्रिपला अशी सोय नाही.

आता काकांच्या आख्यानाचा शेवट. आण पाळायची म्हणून काका संतीला शिवत नाहीत. वंश बुडेल म्हणून संती धाकट्या बहिणीशी, रामीशी, त्यांचं लग्न लावून देते. सासरे निरोप देतात की दोघींना सारखंच वागवा. काका तेही शब्दशः घेतात, आता दोघींनाही स्पर्श नाही. रात्री झोपेत दोघी बहिणी त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवतात. जाग येते, आण मोडली म्हणून काका ते हातच तोडून टाकतात. कुंभाराचे हात! मग घरात मडकी घडेनात, आणि विठोबाला गडी होऊन चाकावर बसावं लागतं. शेवटी पंढरीला नामदेवांचं कीर्तन, सगळे टाळ्या वाजवतात, काका थोटे हात वर करतात आणि त्यांना हात फुटतात. तुमचं आख्यान बहुधा इथे टिपेला पोहोचतं आणि गजरात संपतं.

पण कथेत पुढे आहे. संतीचं लेकरू रांगत येतं. विठोबा काकांना आणेतून मोकळं करतो, संसार करा म्हणतो. म्हणजे ज्यांनी ही कथा रचली आणि जपली त्यांनी ती समाधीपाशी सोडली नाही, चमत्काराने हात फुटले तिथेही सोडली नाही. घर पुन्हा लागेपर्यंत त्यांना ती पुरी वाटली नाही. देवाला खाली उतरून जे करावं लागलं ते मुख्यतः दुरुस्तीचं काम होतं, काकांना आणखी एखादा साक्षात्कार देण्याचं नव्हतं. काकांची भक्ती थोर होती म्हणूनच ती करताना घरात काय मोडलं हे लपवायची गरज त्या जुन्या माणसांना वाटली नाही. तुम्हाला का वाटते?

माझी मागणी फार नाही. संती घागर घेऊन परत येते तिथे मृदंग थांबवा. आण घालण्याचं तिचं कारण सांगा. कीर्तनाला आलेल्यांत अशा बायका असतात, अशा आया असतात, ज्यांचा माणूस दारूतून, गोळीतून, गोव्यातून, कधी अति देवधर्मातूनही बदलून घरी आलाय आणि हे कुणाला सांगायचं हेच त्यांना ठाऊक नाही. रात्र रात्र झोप नाही, कानात आवाज येतात, आपणच देव आहोत असं तो म्हणतो, असं काही असेल तर त्याला देवऋष्याकडे नेण्याआधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, हे नारदाच्या गादीवरून सांगितलं तर आमच्याकडे ऐकलं जाईल. आमच्यासारख्यांनी सांगून ऐकलं जात नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. पसायदानाच्या आधी दोनदा म्हटलात तरी पाठ होईल.

आणि रामीचं नाव घ्या. पोरीला कुणी विचारलंही नव्हतं.

आख्यान दोन तासांचं असतं, त्यातली दहा मिनिटं या दोघींना गेली तर काकांना काही कमी पडणार नाही. विनोद हवाच असेल तर तो सासऱ्यावर करा. एका मुलीला हात न लावणाऱ्या जावयाला दुसरी मुलगी देऊन वर 'दोघींना सारखं वागवा' म्हणणाऱ्या माणसावर हसायला भरपूर जागा आहे, आणि तेव्हा आमच्या बाजूनेही हशा येईल.

आपली नम्र,
बायकांच्या बाजूला बसणारी एक श्रोती